तुरुंगाची दप्तरे



तुरुंगाचे चित्र आपल्या मनात सहसा भिंतीपासून सुरू होते. उंच भिंत, लोखंडी दार, दारावरचा शिपाई. पण भिंतीचे काम माणसाला पळू न देणे एवढेच. त्याला आत ठेवण्याचा अधिकार कोणी दिला, किती दिवसांसाठी दिला आणि कोणत्या तारखेला दार उघडावयाचे, हे सारे ठरते ते तुरुंगाच्या कचेरीत, कारकुनाच्या टेबलावर. त्या टेबलाकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून आज तिकडेच जरा वेळ बसू या.

हिशेबाचे महत्त्व श्रीपूरकरांना मी सांगावयास नको. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढते, वजनाची चिठ्ठी होते, आणि चिठ्ठीवरचा एक आकडा चुकला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहतो. तुरुंगातल्या आकड्याची गोष्ट निराळी आहे. तेथे ज्याचे नुकसान व्हावयाचे त्याला दाराशी येऊन उभे राहता येत नाही. तो दाराच्या आतच असतो, आणि पुष्कळदा आपले नुकसान झाले आहे हेही त्याला ठाऊक नसते.

आत जाणाऱ्या माणसाबरोबर पहिल्याने एक कागद येतो. त्याला वॉरंट म्हणतात. न्यायालयाची सही आणि शिक्का असलेले वॉरंट नसेल तर पोलिसांनी आणलेल्या माणसाला जेलरने आत घेता कामा नये. वॉरंटावरचे नाव, बापाचे नाव, गाव, कोणत्या कलमाखाली पाठविला, पुढची तारीख कोणती, हे सर्व दारातच ताडून पाहावयाचे. हे काम रुक्ष वाटेल, पण बेकायदा कैदेला पहिला अटकाव होतो तो येथे.

यानंतर अंगझडती. जवळचे पैसे, घड्याळ, अंगठी, कपडे यांची नोंद होऊन वस्तू जेलरच्या ताब्यात जातात. मग वैद्यकीय अधिकारी कैद्याला तपासतो आणि त्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा व खुणा, सक्तमजुरी असेल तर कोणते काम त्याला झेपेल, हे वहीत लिहितो. जखमांची नोंद पहिल्याच दिवशी का? माणूस पोलीस कोठडीतून येतो. पाठीवरचा वळ तेथला की तुरुंगातला, असा वाद सहा महिन्यांनी निघाला तर त्या पहिल्या नोंदीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. ती नोंद कैद्याचे रक्षण करते, तशीच तुरुंगाच्या नोकरांचेही.

ही व्यवस्था १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्याने घालून दिली. त्याच्या बाराव्या कलमात सुपरिंटेंडेंटने ठेवावयाच्या वह्या सांगितल्या आहेत. आत आलेल्यांचे रजिस्टर, कोणाला केव्हा सोडावयाचे त्याचे पुस्तक, तुरुंगात दिलेल्या शिक्षांची वही, भेट देऊन गेलेल्यांच्या शेऱ्यांची वही आणि काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची यादी. शिवाय प्रत्येक कैद्याचे एक तिकीट असते, ‘हिस्टरी तिकीट’ म्हणतात ते. इंग्रज सरकारचे हेतू काय होते ते आपण जाणतो. तरीपण शिक्षा देणाऱ्यानेच ती शिक्षा वहीत लिहून ठेवावी, हा नियम कैद्याच्या उपयोगाचा आहे हे कबूल केले पाहिजे.

आता ओळखीचा प्रश्न घ्या. आपल्याच तालुक्यात एका नावाची, एका आडनावाची किती माणसे निघतील! हुगळी जिल्ह्यात १८७७ मध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज मॅजिस्ट्रेट होता. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने तुरुंगात जाऊन बसणारे लोक निघतात, असा त्याला संशय होता. त्याने दस्तऐवज आणि पेन्शन यांबरोबर तुरुंगाच्या कागदांवरही बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण कसे करावयाचे ते बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र बहुतेक त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे झाले. १९२० च्या कायद्याने ठसे घेण्याला सर्वत्र आधार मिळाला, आणि २०२२ च्या नव्या कायद्याने डोळ्याच्या बुबुळाचीही नोंद घेता येऊ लागली. ही नोंद पंचाहत्तर वर्षे राहते. पूर्वी कधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलांचे मार्ग संपले, तर ती नष्ट करावी असेही तो कायदा सांगतो. हे दुसरे कलम वहीवाल्यांच्या लक्षात राहील ना, अशी शंका माझ्या मनात येते खरी.

तुरुंगात दोन जातींचे लोक असतात, कच्चे कैदी आणि पक्के कैदी. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो. देशभराच्या तुरुंगांत ३१ डिसेंबर २०२२ रोजी ५,७३,२२० माणसे होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांत तिघे! त्यांच्या बाबतीत कचेरीचे मुख्य काम तारखांचे. कोणाला कोणत्या दिवशी कोणत्या न्यायालयात न्यावयाचे, जामीन मंजूर झाला असेल तर कागद आला की नाही, दोन खटले असतील तर दोन्हींत जामीन आहे की एकातच.

या तारखा कोणी पाहत नाही तेव्हा काय होते, ते १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी पडून होते. आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने नियम असा आहे की, मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे सोडून, जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याचा जामिनासाठी विचार व्हावा. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. एकाहून अधिक खटले चालू असतील तर मात्र ही सवलत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटवरच टाकली आहे. म्हणजे वही नीट असेल तर वकील नसलेल्या माणसाचेही दार उघडू शकते.

पक्क्या कैद्याचा हिशेब याहून अवघड. एक सोपे उदाहरण करून पाहू. एखाद्याला १ जून २०२२ रोजी एक वर्षाची कैद झाली. कायद्यात वर्ष आणि महिना इंग्रजी पंचांगाने मोजतात, तेव्हा शिक्षेचा शेवटचा दिवस ३१ मे २०२३. पण खटला चालू असता तो १० जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२२ आत होता. जानेवारीचे बावीस आणि फेब्रुवारीचे पंधरा, असे सदतीस दिवस. १९७४ पासून हे दिवस शिक्षेतून वजा मिळण्याचा हक्क आहे. ३१ मेपासून सदतीस दिवस मागे आलो की २४ एप्रिल. कारकुनाने १५ ऐवजी ५ फेब्रुवारी लिहिले असते, तर त्या माणसाचे दहा दिवस गेले असते, आणि कोणी चोरले ते त्याला कधी कळलेही नसते.

यात आता दंड घाला. दंड न भरल्यास भोगावयाच्या कैदेला ही वजावट लागू नाही. पण दंडाचा भाग भरला तर कैद त्या प्रमाणात कमी होते. चार हजार दंड, न भरल्यास चार महिने, आणि पहिल्या महिन्यात तीन हजार भरले, तर महिना संपताच सुटका. मग दोन शिक्षा असतील तर त्या एकाच वेळी भोगावयाच्या की एकापाठोपाठ? न्यायाधीशाच्या हुकुमातला तो एक शब्द वॉरंटावर उतरावयाचा राहिला तर शिक्षा दुप्पट होऊन बसते. मग माफीचे दिवस. आपल्या राज्यात १९६२ च्या नियमांनी चांगली वर्तणूक आणि काम यांबद्दल दिवस मिळू लागले, ते महिन्याच्या महिन्याला मांडावयाचे. मग रजा. १९५९ च्या नियमांनी दोन प्रकार केले. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरावयाचे, अभिवचन रजेचे धरावयाचे नाहीत. घरच्यांना दोन्ही रजा सारख्याच दिसतात. वहीत त्यांचे रकाने वेगळे आहेत, आणि सुटकेची तारीख त्यावर हलते.

जन्मठेपेविषयी एक समजूत गावोगाव ऐकू येते की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. ती खरी नाही. आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात हा प्रश्न लढविला गेला. गांधीवधाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे याने सर्वोच्च न्यायालयात म्हटले की, प्रत्यक्ष भोगलेले दिवस आणि मिळालेली माफी यांची बेरीज वीस वर्षांवर गेली, तेव्हा मला सोडा. १९६१ मध्ये न्यायालयाने ते नाकारले. जन्मठेप म्हणजे उरलेले सर्व आयुष्य. वीस वर्षांचा आकडा कायद्यात आहे तो शिक्षेचे अपूर्णांक काढण्याच्या सोयीसाठी. सरकारने शिक्षा कमी केल्याशिवाय केवळ माफीच्या बेरजेने दार उघडत नाही. चौदाचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीने. ज्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षाही देता येते त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगण्यापूर्वी सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रकान्यांचे बोलणे निघाले म्हणून एका रकान्याविषयी सोलापूरकरांपुढे बोलले पाहिजे. सोलापुरात सेटलमेंट होती हे येथे पुष्कळांना ठाऊक असेल. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले, त्यांची नावे रजिस्टरात घातली आणि त्यांना हजेरी लावली. गुन्हा नाही, खटला नाही, पण वहीत नाव आहे! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती वही देशभर बंद झाली. त्या जमाती हा दिवस विमुक्तदिन म्हणून पाळतात. परंतु तुरुंगाच्या रजिस्टरांत जातीचा रकाना राहिला, आणि त्यावरून कामे वाटण्याची रीतही ठिकठिकाणी राहिली. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल झाला: कच्च्या आणि पक्क्या दोन्ही कैद्यांच्या रजिस्टरांतून जातीचा रकाना काढून टाकावा. एक उभी रेघ पुसावयास स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे लागली.

दुसरा एक निकाल २००६ चा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. तुरुंगात असलेल्या बाईला मूल झाले तर त्याच्या जन्माची नोंद स्थानिक कचेरीत व्हावी, पण जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव लिहू नये, त्या वस्तीचा पत्ता लिहावा, असे त्यात सांगितले आहे. सर्व काही लिहून ठेवणाऱ्या या खात्यात एक गोष्ट मुद्दाम न लिहिण्याचा हुकूम आहे, तो हा.

आपल्याकडे बिनभिंतीचा तुरुंगही झाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसले, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने. त्यावरून गदिमांनी कथा रचली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटात कैद्यांच्या हाताचे ठसे दिसतात ते आठवत असतील. भिंत नसली तरी कोण आला आणि कोणाची शिक्षा केव्हा संपते याची नोंद तेथेही ठेवावी लागते.

राहिली सुटका. दप्तराचा सर्वांत भयंकर दोष येथे दिसतो. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या सेशन न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी रुदुल साह याला निर्दोष ठरविले. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षांहून अधिक! तो वेडा होता असे सरकारने सांगितले, पण ते कोणी व कशावरून ठरविले याचा आधार दाखवता आला नाही. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पूर्वी दिलेल्या पाच हजारांशिवाय तीस हजार रुपये भरपाई देवविली. मूलभूत हक्क हिरावल्याबद्दल त्या न्यायालयाने अशी भरपाई देण्याची वाट तेथून मोकळी झाली.

आता ई-प्रिझन्स नावाच्या व्यवस्थेत कैद्याची नोंद संगणकावर असते. तरीही मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात जामिनाचा कागद दारावरच्या एका पेटीत टाकावा लागे, आणि संध्याकाळची वेळ टळली तर माणसाची आणखी एक रात्र आत जाई, हे ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाला समजले. त्याच वर्षी आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांना जामीन मिळूनही सोडण्यास उशीर झाल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. ३१ मार्च २०२२ पासून त्या न्यायालयाचे असे हुकूम विजेच्या वेगाने तुरुंगात पोचविण्याची सोय झाली. अर्थात संगणकात तारीख घालणारे बोट माणसाचेच असते. वॉरंटावर ५ आणि १५ यांचा घोटाळा असेल तर यंत्र तो अधिक सुवाच्य करून दाखवील इतकेच.

तुमच्या नात्यातले, गावातले कोणी आत असेल तर एक काम करा. न्यायालयाच्या निकालाची प्रत घ्या, तो आधी किती दिवस आत होता ते अटकेच्या व जामिनाच्या कागदांवरून काढा, आणि भेटीला जाल तेव्हा त्याच्या सुटकेची तारीख काय लिहिली आहे ते त्याला कचेरीत विचारावयास सांगा. दोन तारखा जुळल्या नाहीत तर सुपरिंटेंडेंटकडे लेखी अर्ज द्यावा. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो.