डबलसीटचा हिशोब

मोटारसायकलचा विमा कुठे स्वस्त मिळतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरकारने आधीच देऊन ठेवले आहे. थर्ड पार्टीचा हप्ता केंद्राचे रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये आणि त्यापुढे ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. रिद्धपूरसारख्या गावात शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्याच जास्त. त्यांचा हिशोब जीएसटीसह सुमारे ८४३ रुपयांवर येतो, मग कंपनी सरकारी असो की खासगी, पॉलिसी मोबाइलवर काढलेली असो की चौकातल्या एजंटाकडून. कोणी यापेक्षा जास्त मागत असेल तर त्यात आणखी काहीतरी जोडलेले असणार. काय जोडले, ते विचारून घ्यावे. म्हणून चार कंपन्यांचे आकडे शेजारी मांडून शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा आपली पॉलिसी नेमकी कोणाला वाचवते आणि क्लेमच्या वेळी कुठवर धावपळ करावी लागेल, हे आधी ताडून पाहणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे मागे बसलेला. रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. भोवती संत्र्याचा पट्टा आणि कामाच्या गावी, म्हणजे मोर्शी, चांदूर बाजार किंवा अमरावतीला जायचे तर गाडी बहुधा डबलसीटच निघते. मागे आई असते, बायको असते, बागेतला मजूर असतो. अपघातात हा माणूस दगावला तर थर्ड पार्टी विमा त्याच्या घरच्यांना भरपाई देईल, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात सांगितले, की कायद्यापुरत्या किमान विम्यात गाडीवर फुकट बसवून नेलेला माणूस येत नाही. ‘फर्स्ट पार्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॅकेज पॉलिसीत मात्र त्याची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने २००९ मध्ये तसे स्पष्टही केले. दोन्ही कागद वरून सारखेच दिसतात. पोलिसाला दाखवायला दोन्ही चालतात.

गाडी चालवणाऱ्याचे प्रकरण याहून अवघड आहे. गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा, किंवा शेजाऱ्याची मागून नेलेली, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावाला नवे नाही. कर्नाटकात मागून आणलेल्या मोटारसायकलवरून जाणारा एक जण बैलगाडीला धडकून मेला. ते प्रकरण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने म्हटले, की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो आणि मालकाला आपल्याच गाडीच्या थर्ड पार्टीतून भरपाई मागता येत नाही. मालकासाठी २०१८ पासून १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे, पण तोही फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच मिळतो. ज्या घरात गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारे तिघे, तिथे हे १५ लाख कोणासाठी आहेत, याचा विचार हप्ता भरण्याआधी व्हायला हवा. मुलाच्या नावे वेगळा अपघात विमा काढता येतो. गाडीच त्याच्या नावावर करून देणे हा आणखी सरळ मार्ग.

खरी भावातली तफावत दिसते ती गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. हे दर २००७ पासून मोकळे झाले. पण इथेही स्वस्त दिसणारा आकडा पुष्कळदा गाडीचीच किंमत कमी धरून काढलेला असतो. समजा, कारखान्याच्या यादीत गाडी ९० हजारांची आहे. दोन वर्षे उलटून तिसरे चालू असेल, तर ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे ३० टक्के घट धरून विमाकृत किंमत ६३ हजार होते. एखादी कंपनी ती ५२ हजार धरून हप्ता कमी दाखवते. गाडी चोरीला गेली की ११ हजारांचा फटका मालकाला. शिवाय प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घट कापली जाते. हल्लीच्या गाड्यांत मडगार्डपासून हेडलाइटच्या पॅनेलपर्यंत सगळे प्लॅस्टिकच, त्यामुळे नव्या गाडीला ही घट न कापणारा ‘झिरो डेप’ घेणे परवडते. दहा वर्षे जुन्या गाडीला तो मिळणे कठीण.

सेवेबाबत लोक क्लेम मंजुरीचे टक्के पाहतात. ते पाहावेत, पण जपून. त्या टक्केवारीत कार, ट्रक आणि मोटारसायकल एकत्र असू शकतात, आणि मंजूर झालेल्या क्लेममधून किती रक्कम कापली गेली हे त्यात दिसत नाही. गावातल्या माणसाला दुसरेच प्रश्न उपयोगी पडतात. कॅशलेस गॅरेज अमरावतीत आहे की थेट नागपुरात? जवळ नसेल तर बिल आधी खिशातून भरायचे आणि परताव्याची वाट पाहायची. सर्व्हेअर येणार की फोटोवर भागणार? जून २०२४ च्या नियमांनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा आणि पुढच्या सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. चोरीच्या बाबतीत एफआयआर लगेच नोंदवलेला असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येणार नाही, असा २०२० चा निकाल आहे.

यावर कोणी म्हणेल, की वीस हजारांच्या जुन्या गाडीला फर्स्ट पार्टी काढून काय करायचे? मुद्दा रास्त आहे. गाडीच्या पत्र्यासाठी काढण्यात अर्थ नाही. पण मागे बसणाऱ्याची आणि चालवणाऱ्याची किंमत गाडीच्या जुनेपणावर ठरत नाही. निदान त्या दोघांसाठी अपघात विमा वेगळा घ्यावा. दुसरा आक्षेप एजंटाबद्दलचा: ऑनलाइन स्वस्त असताना त्याला कमिशन का द्यायचे? क्लेमच्या दिवशी जो फोन उचलतो आणि कागद जमवून देतो, त्याला दिलेले थोडे पैसे वाया जात नाहीत. जो फक्त हप्त्याच्या दिवशी उगवतो, त्याच्यापेक्षा मोबाइल बरा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एवढे पाहावे, की थर्ड पार्टी कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येते, पण नुकसानीचा विमा १४ दिवसांत अर्ज करून आपल्या नावे करून घ्यावा लागतो.

नव्या गाडीवाल्यांची फसगत वेगळ्या जागी होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची काढावी लागते, पण शोरूममध्ये त्यासोबत मिळणारा नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे’ म्हणून पॉलिसी डिक्कीत पडून राहते. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते किंवा पुरात बुडते, तेव्हा कागदावरची दुसरी, लहान अक्षरातली तारीख पहिल्यांदा वाचली जाते. ती उलटून ९० दिवस गेले असतील, तर साठलेला नो क्लेम बोनसही गेलेला असतो.