प्रश्नचिन्हांच्या ओळी

कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, अशी श्रोत्यांची तयारी असते. आज मी पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोन गोष्टींबद्दल बोलणार आहे. पन्नाशीच्या आसपास, बी.ए.च्या पदवीवर आणि शाळेतल्या काठावर पास झालेल्या गणितावर मी त्या शिकलो. शिकताना एक चूक केली, ती फार महाग पडली. तीही सांगतो.

निमित्त होतं ओव्यांचं. आमच्या घरातल्या बायका जात्यावर मराठीतच गायच्या. पहाटेची नमाज झाली की जातं सुरू व्हायचं. ओवीत पीरसाहेब यायचे, तशी पंढरीही यायची. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. आईच्या ओव्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. आई गेली तेव्हा लक्षात आलं की बाकीच्या ओव्या खाला, फुफी, मामी अशा चार गावांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत. प्रत्येकीच्या घरी फोन हाताळणारं कुणीतरी आहेच. त्यांनी ऐकून टाइप करावं आणि सगळं एका जागी साठावं, अशी माझी कल्पना.

माझी भाची पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. २०१९ साली तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मामू, साध्या पानाचं हे काम नाही. सर्व्हरवर प्रोग्राम लागेल." मी म्हटलं, "मग करून दे." म्हणाली, "करून देणार नाही. शिकवते."

सर्व्हरवरचा प्रोग्राम म्हणजे काय? जुन्या वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांपर्यंत वाचकाला प्रवेश नसे. खिडकीवर चिठ्ठी द्यायची, ग्रंथपाल आत जाऊन पुस्तक शोधणार आणि खिडकीतून देणार. तुमच्या फोनवरचा किंवा संगणकावरचा ब्राउझर हा खिडकीबाहेरचा वाचक. तो चिठ्ठी देतो. आत दूरच्या एका संगणकावर एक प्रोग्राम ती वाचतो, कपाटात म्हणजे डेटाबेसमध्ये शोधतो, सापडलेल्या मजकुराचं त्याच क्षणी एक पान तयार करतो आणि बाहेर पाठवतो. हे पान आधीपासून कुठं लिहून ठेवलेलं नसतं. रेल्वेचं तिकीट काढताना किती जागा शिल्लक आहेत ते दिसतं, ते असंच मागितल्यावर तयार झालेलं पान.

सुरुवातीला वेबवर बहुतेक पानं तयार ठेवलेली असत. मागा आणि घ्या. १९९३मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय नावाची पद्धत ठरली आणि चिठ्ठी आतल्या प्रोग्रामकडे सोपवण्याची वाट रुळली. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला रासमुस लेरडॉर्फ याला आपला बायोडाटा इंटरनेटवर कोण कोण पाहतंय याची उत्सुकता होती. त्यासाठी १९९४मध्ये त्यानं छोटे प्रोग्राम लिहिले, १९९५मध्ये ते सर्वांना खुले केले. हेच पीएचपीचं मूळ. आपल्याला कोण वाचतं, ही चौकशी कवी जन्मभर करत असतो. त्यामुळे हा माणूस मला लगेच जवळचा वाटला. मायएसक्यूएलमधलं 'माय' हे तर तिच्या एका निर्मात्याच्या, मायकेल विडेनियसच्या, मुलीचं नाव. मी ते इंग्रजी 'माझं' समजत होतो.

खिडकीमागच्या या ग्रंथपालाची एक खोड आहे. त्याला आठवण नाही. तुम्ही आत्ता चिठ्ठी दिली, पुन्हा वळून दुसरी दिलीत, तर तो विचारणार, "आपण कोण?" म्हणून त्यानं पहिल्या भेटीत तुमच्या हाती एक बिल्ला द्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीबरोबर तुम्ही तो दाखवायचा. या बिल्ल्याला 'कुकी' म्हणतात. १९९४मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यानं ही युक्ती वेबवर आणली. हे मला एका संध्याकाळी समजलं. पुढचं मात्र समजायला महिने लागले.

पुढचं म्हणजे अक्षरं. भाचीनं मला पीएचपीला 'कविता' या शब्दाची लांबी विचारायला लावली. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. मी गझल लिहिणारा. दोन लघू आणि एक गुरू, म्हणून माझा हिशेब चार मात्रांचा. पीएचपीनं उत्तर दिलं, पंधरा! मी चक्रावलो. मग तिनं दुसरी आज्ञा द्यायला लावली, तेव्हा उत्तर आलं पाच.

यातलं कुठलंच उत्तर चूक नाही. युनिकोडमध्ये क, व, ऱ्हस्व वेलांटी, त आणि काना अशी पाच चिन्हं स्वतंत्र धरतात. यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एकच पुरतो. पाच त्रिक पंधरा. पीएचपीची जुनी आज्ञा अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजते. तिच्या भरवशावर एखादी ओळ कापली आणि सुरी त्या तीन बाइटांच्या मधोमध पडली, की अक्षराचे तुकडे होतात आणि पडद्यावर काळा चौकोन उमटतो. छंदोभंग परवडला.

आता माझी चूक. घरच्या संगणकावर सगळं तयार केलं. ओव्या लिहिल्या, साठल्या, परत दिसल्या. मग स्वस्तात भाड्यानं मिळणारी सर्व्हरची जागा घेतली, तिथं ओव्यांचा तक्ता पुन्हा तयार केला, आणि चालतंय का पाहायला रोमन लिपीत दोन शब्द टाकले. चाललं. खालाच्या मुलीला, आपाला, फोन केला, "आपा, करा सुरू." एक्क्याऐंशी वर्षांची खाला त्या संध्याकाळी रंगात आली. तिनं अकरा ओव्या गायल्या, आपानं एकेक टाइप केली. कागदावर उतरवल्या नाहीत, कारण "आता कागद कशाला, संगणक आहे ना," असं मीच सांगितलं होतं. रात्री मी पान उघडलं. अकराच्या अकरा नोंदी जागेवर होत्या. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं होती. ओळींमागून ओळी, नुसती प्रश्नचिन्हं.

झालं होतं ते असं. तक्ता तयार करताना त्यातली अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवायची हे सांगता येतं. नाही सांगितलं, तर सर्व्हर आपल्या सवयीची पद्धत घेतो. माझ्या घरी होती मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती. २०१८पासूनच्या या आवृत्तीची सवय यूटीएफ-८ एमबी-४ ही आहे. भाड्याच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती होती आणि तिची सवय लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांपुरती अक्षरं. फॉर्मकडून शुद्ध देवनागरी निघाली, तक्त्याच्या दाराशी पोचली. आत 'क'ला जागाच नव्हती. डेटाबेस कडक शिस्तीत चालवला असता तर त्यानं तिथंच हरकत घेऊन नोंद नाकारली असती. तो सैल सोडलेला होता. त्यानं ज्या चिन्हाला जागा नाही त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं, आणि 'नोंद झाली' असं कळवलं.

मी भाचीला म्हटलं, "उलट फिरवून घेऊ." इंटरनेटवर कधी कधी मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं दिसतात, ती मी दुरुस्त करायला शिकलो होतो. ती म्हणाली, "मामू, त्यात बाइट शाबूत असतात, फक्त वाचणारा चुकीचं वाचतो. इथं बाइटच गेले. प्रश्नचिन्ह हे आता खरंखुरं प्रश्नचिन्ह आहे."

तोवर खालाची आठवण उतरणीला लागली होती. अकरांतली कुठली गायली, तिला सांगता येईना. पण एक गोष्ट वाचली होती. लॅटिन-१मध्ये मोकळी जागा असते, स्वल्पविराम असतो. ते जसेच्या तसे उरले होते. आणि देवनागरीच्या दर चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह, हा हिशेब पक्का. 'जात्यावर' हा शब्द असेल तर आठ चिन्हं येणार: ज, काना, त, पाय मोडल्याची खूण, य, काना, व, र. मी ओळींचे आकडे कागदावर काढले आणि आपाच्या घरी जाऊन बसलो. खाला एखादी ओवी गुणगुणायची, आम्ही मोजायचो. एका ओवीच्या शेवटी ती अडली. एकदा 'सासर' म्हणाली, एकदा 'माहेर'. मी कागद पाहिला. शेवटी पाच खुणा होत्या. सासरच्या चार होतात, माहेरच्या पाच. "माहेर, खाला," मी म्हटलं. ती म्हणाली, "तेच म्हणते की मी!"

दोन महिन्यांत आठ ओव्या परत मिळाल्या. २०२१मध्ये खाला गेली.

तक्ता मी केव्हाच दुरुस्त केला. पान, पान आणि डेटाबेसमधली जोडणी, आणि खुद्द तक्ता, या तिन्ही ठिकाणी एकच पद्धत नावानिशी सांगायची, हे आता झोपेतही सांगेन. शिकणाऱ्याला आणखी एक सांगतो. एका मामीच्या नातवानं ओवीतला एक शब्द एकेरी अवतरणात टाइप केला आणि प्रोग्राम कोसळला. मी आलेला मजकूर थेट डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवत होतो. आज्ञेत मजकूर कुठं संपतो हे अवतरणचिन्हच ठरवतं. नातवाच्या मनात काही नव्हतं, पण वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून 'सगळा तक्ता पुसून टाक' असंही लिहून पाहू शकतो. त्यावर उपाय असा, की आज्ञा आधी पूर्ण लिहायची, मजकुराच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मजकूर वेगळा पाठवायचा. रिकाम्या जागेची खूण म्हणून तिथं जे चिन्ह लिहितात ते प्रश्नचिन्हच. भाचीनं हे शिकवलं तेव्हा आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही.

त्या तीन नोंदी मी पुसलेल्या नाहीत. ओव्या टाइप करायच्या पानावर, अगदी वर, एक सूचना मात्र लिहून ठेवली आहे: आधी वहीत लिहा, मग इथं.