हवेचे उष्णतामान कोठे मोजावे?

ह्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना आजचा विषय जरा तेलकट वाटेल. टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचे उष्णतामान कसे मोजावे, हा प्रश्न एका मिस्त्र्याने दुसऱ्या मिस्त्र्याला विचारावा, सभागृहात त्याचे काय काम, असेही कोणी म्हणेल. आम्ही अभियंते नव्हे. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु मोटारचालकांच्या संघटनेचे काम करताना ‘टर्बो गेला, चालकाने घालवला’ एवढ्या दोन वाक्यांवर पगार कापल्याची प्रकरणे आमच्यापुढे येऊ लागली, तेव्हा ह्या विषयात शिरणे भाग पडले. कोणाच्याही पगाराला कात्री लागली, की आकडा कोणी घेतला, कोठे घेतला आणि कशाने घेतला, हे तीन प्रश्न विचारण्याची आम्हांला जुनी खोड आहे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून धूर बाहेर पडतो तो नुसता धूर नसतो. त्यात उष्णता आणि जोर दोन्ही शिल्लक असतात. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली ह्या वाया जाणाऱ्या जोराला कामाला जुंपण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवायचे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतके काम देते. विक्रीच्या मोटारींत हे यंत्र 1962 साली अमेरिकेत आले. आता आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातूनही टर्बो लावलेल्या मोटारी बाहेर पडतात.

आता अडचण पाहा. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हे लहानपणी प्रत्येकाने अनुभवले आहे. घासल्यामुळे पंप तापतो असे पुष्कळांना वाटते, थोडा तापतोही, परंतु मुख्य कारण हवा दाबली जाते हे आहे. टर्बोचार्जरमध्ये हेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. हिशेब करून पाहू. बाहेरची हवा 30 अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोने तिचा दाब दुप्पट केला, असे धरा. यंत्र अगदी निर्दोष असते तरी हवा सुमारे 96 अंशांवर गेली असती. निर्दोष यंत्र जगात नाही. दाबण्याची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर 66 अंशांची वाढ सुमारे 95 अंशांची होते आणि बाहेर पडणारी हवा 125 अंशांच्या घरात असते. चहाचे आधण ज्या आचेला उकळते, त्याहून ही हवा गरम!

गरम हवा विरळ असते. म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा दुप्पट होत नाही. वरच्या उदाहरणात ती जेमतेम दीडपट भरते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये, बहुधा गाडीच्या नाकाशी, रेडिएटरसारखी दिसणारी एक जाळी बसवतात. तिला इंटरकूलर म्हणतात. टर्बोने घातलेल्या उष्णतेपैकी 70 टक्के तिने काढून घेतली, तर 125 ची हवा 58 – 59 अंशांवर येते, आणि तेवढ्याच दाबाला इंजिनात जाणारी हवा पावणेदोनपटीच्या थोडी वर जाते. दीडपट आणि पावणेदोनपट ह्यांतला फरक म्हणजे घाटात गाडी ओढते की नाही, हा फरक.

विरळ हवा एवढाच तोटा असता तर एक वेळ चालले असते. पेट्रोलच्या इंजिनात हवा फार तापली, की ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपसूक भडकते. त्यालाच मिस्त्री नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टन फुटू शकतो. म्हणून गाडीतला संगणक हवा तापलेली दिसताच ठिणगी उशिरा पाडतो आणि काही वेळा टर्बोचा दाबही उतरवतो. डिझेलमध्ये हे दुखणे नसले तरी धूर वाढू नये आणि आतले भाग जळू नयेत म्हणून तेथेही इंधन आवरले जाते. दोन्हीकडे चालकाला एकच अनुभव येतो: पाय दाबला तरी पिकअप नाही. 1962 च्या ऑल्ड्समोबाइल जेटफायर ह्या गाडीत इंटरकूलर नव्हताच. तिच्या कर्त्यांनी नॉकिंग आवरण्यासाठी पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण आत फवारण्याची सोय केली होती. मालक लोक ते मिश्रण भरायला विसरत, टाकी रिकामी झाली की दाब आपोआप उतरे, आणि गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन मंडळी दुकानात येत. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली.

तेव्हा उष्णतामान मोजणे आवश्यक. पण कोठे? टर्बोच्या आधी मोजले तर बाहेरच्या हवेचे कळते. टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामध्ये मोजले तर टर्बो किती तापवतो ते कळते. इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी मोजले तर इंजिन प्रत्यक्ष काय गिळते ते कळते. तिन्ही आकडे खरे, आणि तिन्ही वेगळे. ह्यावरून आम्हांला एका कारखान्यातली गोष्ट आठवते. कामाच्या जागी कामगारांना सोसेल असे उष्णतामान राखावे, असे 1948 च्या कारखाना अधिनियमाचे 13 वे कलम सांगत असे. त्या कारखान्यात उष्णतामापक टांगलेला होता. परंतु तो टाइमकीपरच्या खिडकीशेजारी, भट्टीपासून साठ पावलांवर! तो खोटे बोलत नव्हता. खिडकीजवळ जे होते ते तो इमानाने सांगत होता. भट्टीपुढे उभा राहणारा माणूस मात्र खिडकीजवळ काम करीत नव्हता. तो उष्णतामापक दहा हात पुढे सरकवायला आम्हांला चार महिने लागले.

मोटारीत उष्णतामापकाचे काम थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा तुकडा करतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा विरोध घटतो. बॉश बनावटीच्या नेहमीच्या सेन्सरचा विरोध 20 अंशांना 2500 ओहम असतो, 60 अंशांना सुमारे 600, आणि 80 अंशांना 323 च्या आसपास. संगणक त्यावरून उष्णतामान ओळखतो. तार तुटली तर विरोध अमर्याद होतो आणि संगणकाची समजूत होते की बाहेर ध्रुवप्रदेशातली थंडी आहे. तेव्हा स्कॅनरवर उणे 40 दिसते. काही गाड्यांत संगणक अशा वेळी स्वतःच एक ठरीव आकडा धरून चालतो. भर उन्हाळ्यात उणे 40 दिसले तर टर्बोला हात लावण्याआधी ती तार पाहावी.

ह्या मण्याच्या दोन खोडी आहेत. पितळी टोपणात बसवलेला मणी मंद असतो. चालकाने दहा सेकंद जोरात गाडी काढली, तर हवा तापून पुन्हा निवते तरी मण्याला पुरता पत्ता लागत नाही. उघडा मणी, ज्याच्याभोवती हवा थेट खेळते, तो पुष्कळ जलद असतो. दुसरी खोड अशी की सेन्सर तापलेल्या धातूच्या मॅनिफोल्डमध्ये आटे देऊन घट्ट बसवला असेल, तर तो हवेबरोबर धातूचीही उष्णता खातो. गाडी सिग्नलला पाच मिनिटे उभी राहिली की आकडा चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो. अशा उभ्या गाडीवर घेतलेला आकडा दाखवून कोणी टर्बो बदलायला सांगितले, तर त्याला गाडी चालवून दाखवा म्हणावे.

पिस्तुलासारखे रोखून उष्णता दाखवणारे यंत्र हल्ली प्रत्येक गॅरेजात आले आहे. ते नळीच्या पृष्ठभागाची उष्णता सांगते, आतल्या हवेची नव्हे. हवेची हवी असेल तर थर्मोकपलची बारीक तार नळीच्या मधोमध, भिंतीला न टेकता, सोडावी लागते.

हे सर्व आमच्या उपयोगी कसे पडले ते सांगतो. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका भाड्याच्या गाडीवरचा चालक आमच्याकडे आला. गाडी खंबाटकी घाटात ओढेना. ‘ह्याने दामटून टर्बो घालवला’ असे म्हणून मालकाने पगारातून हप्ते कापणे सुरू केले होते. आमच्यातल्या एका मिस्त्र्याने प्रथम सेन्सर पारखला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन न लावता नुसती चावी फिरवली, तर आत जाणारी हवा, रेडिएटरचे पाणी आणि बाहेरची हवा हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. ते आले; म्हणजे सेन्सर खरा. मग त्याच मालकाची, त्याच बनावटीची दुसरी गाडी घेतली आणि दोन्ही एकाच दुपारी, एकाच सपाट रस्त्यावर, तेवढ्याच वेगाने चालवल्या. बाहेर 36 अंश होते. चांगल्या गाडीत आकडा 51 वर स्थिरावला, ह्या गाडीत 74 वर. नुसता 74 हा आकडा काहीच सांगत नाही; बाहेरच्या हवेपेक्षा तो किती वर आहे आणि शेजारच्या गाडीपेक्षा किती वर आहे, ते पाहायचे.

गाडीचे नाक पाहिले. खालच्या जाळीवर, बरोबर इंटरकूलरच्या तोंडापुढे, मालकाने आपल्या कंपनीच्या नावाचा जाड प्लॅस्टिकचा फलक तारेने बांधला होता. तो सोडला आणि पुन्हा तोच फेरा घातला. आकडा 53 वर आला. फलक काचेच्या वर गेला, हप्ते थांबले, आणि कापलेले दोन हप्ते तिसऱ्या बैठकीत परत मिळाले. टर्बो अजून तोच आहे.