उतरणीची सायकल (लेखांक अकरावा) : दहा वर्षांचा विसावा

गेल्या खेपेस बेअरिंगच्या घरांविषयी लिहिण्याचे मी कबूल केले होते, आणि त्यासाठी दोन जुन्या फ्रेमची मोजमापे घेऊन टिपणेही तयार ठेवली होती. परंतु मधल्या आठवड्यात कॅलगरीहून एका वाचकभगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मुळाशी जाणारा निघाला की त्याचा निकाल लावल्यावाचून पुढे सरकणे मला प्रशस्त वाटेना. त्यांच्या चिरंजीवांना येत्या उन्हाळ्यात व्हिसलरच्या बाइक पार्कात उतरायचे आहे, आणि एकाच किमतीला दोन वापरलेल्या डाउनहिल फ्रेम त्यांच्यासमोर आल्या आहेत. पहिली चौदा वर्षांपूर्वीची, मूळ मालकाने चार हंगाम चालवून नंतर दहा वर्षे गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवलेली. दुसरी अवघ्या दोन हंगामांची, परंतु ते दोन्ही हंगाम भाड्याच्या ताफ्यात घालवलेली. दोन्ही ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या. मुलाचे मित्र म्हणतात, ॲल्युमिनियम वयाबरोबर थकते, तेव्हा जुनीला हात लावू नकोस. बाईंचे यजमान म्हणतात, दहा वर्षे विसावा मिळालेली वस्तू ताजीतवानीच असणार.

ही दोन्ही मते 'थकवा' या एकाच शब्दातून निघाली आहेत. माणूस थकतो तेव्हा तो सर्वांगाने थकतो, वयाबरोबर लवकर थकतो, आणि रात्रभर झोप मिळाली की सकाळी उठून कामाला लागतो. धातूच्या बाबतीत यांतले एकही विधान खरे नाही. फ्रेमला तडा जातो तेव्हा तो एका जागी, बहुधा वेल्डिंगच्या कडेला, नखाएवढ्या टापूत सुरू होतो, आणि त्या टापूपासून चार बोटे अंतरावरचा धातू पहिल्या दिवशी होता तितकाच बळकट असतो. मोडलेल्या नळीचा शाबूत तुकडा कापून प्रयोगशाळेत ताणून पाहिला, तर त्याचे बळ नव्या नळीइतकेच भरते. हे ज्याला एकदा पटले, त्याला जुनी फ्रेम तपासताना कोठे पाहावे आणि कोठे पाहण्यात वेळ दवडू नये हे आपोआप उमगते.

हा समज नवा नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायचा राजोत्सव पाहून पॅरिसला परतणाऱ्या प्रवाशांची गाडी म्यूदाँजवळ रुळावरून उतरली, कारण पुढच्या इंजिनाचा आस मोडला होता. डब्यांना बाहेरून कुलपे असल्यामुळे आगीतून बाहेर पडता न येऊन पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि दक्षिण ध्रुवाकडचे समुद्र धुंडाळून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल हा आपल्या पत्नी-पुत्रासह त्यांत होता. मोडलेल्या आसांची तोंडे दाणेदार व चकचकीत दिसत, त्यावरून त्या काळच्या पुष्कळ जाणत्या माणसांनी असे अनुमान काढले की सततच्या हादऱ्यांनी तंतुमय लोखंडाचे स्फटिक बनतात आणि सबंध आसच ठिसूळ होतो. रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने पुढच्याच वर्षी याचा प्रतिवाद केला: लोखंड बदलत नाही, जेथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि ती वर्तुळाकार आत सरकत जाते, हे त्याने मोडलेल्या आसांवरून दाखवले. बाईंच्या चिरंजीवांचे मित्र आज जे सांगत आहेत, ते त्या स्फटिकवाल्यांचेच मत आहे.

परंतु या विषयाचा खरा मुनीम म्हणजे ऑगस्ट व्होलर. प्रशियाच्या रेल्वेच्या कारखान्यावर अधिकारी असलेल्या या मनुष्याने आसांची प्रत्यक्ष धावेत किती वाकवावाकव होते हे मोजण्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा उमटवणारी सुई बसवली, आणि मग कारखान्यात यंत्रावर लोखंडाचे तुकडे लक्षावधी वेळा वाकवून १८७० पर्यंत जे निष्कर्ष मांडले, त्यांवर आजची प्रत्येक फ्रेम उभी आहे. तुकडा मोडण्याला सर्वांत मोठा भार कारण होत नाही, भाराचा चढउतार आणि त्याच्या आवृत्तींची संख्या कारण होते. आणि लोखंड-पोलादाच्या बाबतीत एक अशी मर्यादा असते की चढउतार तिच्या खाली राहिला तर तुकडा जवळजवळ अमर ठरतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. अल्प भारालाही ते हिशेबात धरते, फक्त फार सूक्ष्म रकमेने धरते. येथे पोलादाच्या अभिमान्यांनी घाई करू नये, कारण ती अमरता गुळगुळीत घासलेल्या तुकड्याची आहे. वेल्ड केलेल्या, चिखलात गंजलेल्या आणि अधूनमधून दगडावर आपटणाऱ्या पोलादी फ्रेमला तिचा फारसा लाभ मिळत नाही.

पुढे पाल्मग्रेन या स्वीडिश अभियंत्याने १९२४ साली बॉल-बेअरिंगचे आयुष्य काढण्यासाठी, आणि माइनर याने १९४५ साली अमेरिकेत विमानांच्या संदर्भात, या साऱ्याला जमाखर्चाचे रूप दिले. प्रत्येक हादरा म्हणजे रोजकीर्दीतील एक खर्चाची नोंद. मोठ्या हादऱ्याची रक्कम मोठी, लहानाची लहान. आणि एकदा पडलेली नोंद खोडता येत नाही. वेल्डिंगच्या जोडात ही रक्कम ढोबळ मानाने ताणाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे ताण दुप्पट झाला की एका हादऱ्यात आठ हादऱ्यांचा खर्च पडतो. ज्यांनी व्हिसलरच्या 'ए-लाइन'वर वळणापूर्वीच्या त्या ब्रेकने पडलेल्या लाटालाटांवरून हात बधिर होईपर्यंत सायकल नेली आहे, त्यांना वाटते की फ्रेमला तेच खाते. वस्तुतः तसल्या पुष्कळ लाटांची बेरीज एका आखूड पडलेल्या उडीच्या आपटीने भरून निघते. हा नियम अर्थात स्थूल आहे, हादरे कोणत्या क्रमाने बसले याचा तो विचार करीत नाही. तरी आपल्या कामापुरता तो विश्वासू आहे.

आता या रोजकीर्दीत दहा वर्षांच्या विसाव्याची नोंद कोठे करायची? कोठेच नाही. भिंतीवर टांगलेल्या फ्रेमच्या खात्यात एक पैही खर्ची पडत नाही, आणि मागे पडलेली एक पैही परत जमा होत नाही. फ्रेम घडवताना वेल्डिंगनंतर हे ॲल्युमिनियम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम विझवतात आणि मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवून त्याला बळ आणतात. ते बळ गॅरेजच्या तापमानाला शतकभरातही उतरत नाही. तेव्हा मित्रांचेही चुकले आणि यजमानांचेही. चौदा वर्षांची ती फ्रेम आज चार हंगामांची आहे.

मग हंगामांचा हिशेब करू. आठवड्याच्या सुटीला उतरणारा नोकरदार हंगामात समजा दहा दिवस जातो आणि दिवसाला आठ फेऱ्या मारतो. चार हंगामांत ३२० फेऱ्या झाल्या. भाड्याची सायकल रोपवेने वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. हंगामात शंभर दिवस आणि दिवसाला दहा फेऱ्या धरल्या, तर दोन हंगामांत २,००० फेऱ्या. एका फेरीत चाळीस उड्या धरल्या तर ऐंशी हजार आपट्या. माउंटन बाइकच्या फ्रेमसाठी जी आंतरराष्ट्रीय मानक चाचणी आहे, तीत पुढच्या चिमट्याच्या जागेवर पुढे १,२०० आणि मागे ६०० न्यूटन असा भार ५०,००० वेळा देतात. चाचणीतला भार आणि रानातली आपटी एकच नव्हेत, आणि चांगले कारखानदार डाउनहिल फ्रेमला मानकाच्या पुष्कळ पलीकडे नेऊन तपासतात. तरीही या आकड्यांची जात लक्षात यावी म्हणून ते येथे दिले. भाड्याच्या फ्रेमच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: तिची देखभाल पगारी कारागीर करतात, आणि बऱ्याच ठिकाणी तिची नोंदवही असते. गॅरेजमधल्या फ्रेमच्या बाबतीत आपल्या हाती फक्त मालकाची जबानी.

जबानी ताडून पाहता येते. हेडट्यूबच्या दोन्ही बाजूंना जेथे केबल घासते तेथला रंग किती गेला आहे, डाउनट्यूबच्या पोटावर दगडांचे किती व्रण आहेत, शॉकच्या दांड्याची झिलई एका बाजूने उडाली आहे काय, सांध्यांच्या बोल्टांच्या खाचा पान्याने गोल झाल्या आहेत काय, हे चार साक्षीदार सहसा खोटे बोलत नाहीत. एक साक्षीदार मात्र नेहमी खोटा निघू शकतो, आणि तो म्हणजे नवा रंग.

या नव्या रंगाविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण त्याने मला एकदा फसवले आहे. नऊ वर्षांपूर्वी एका गृहस्थाकडून मी एक काळीभोर, नुकतीच पावडर-कोटिंग केलेली फ्रेम घेतली. रंग इतका तुकतुकीत की जोडांवरची वेल्डिंगची खवलेसुद्धा गोलसर दिसत होती. पावडर-कोटिंगची भाजणी सुमारे दोनशे अंशांवर पंधरा-वीस मिनिटे होते, आणि एका भाजणीने या धातूचे बळ फारसे उतरत नाही. भट्टी जास्त तापली किंवा भाजणी वारंवार झाली तर उतरते. माझ्या फ्रेमचे दुखणे भाजणीचे नव्हते. रंगाखाली आधीपासूनच चीर होती. तिसऱ्या ऑक्टोबरात, हंगाम संपल्यावर, फ्रेम धुऊन, फडक्याने पुसून उन्हात उभी केली होती. सगळी फ्रेम सुकली, आणि डाउनट्यूबला आधार म्हणून वेल्ड केलेल्या तिकोनी पट्टीच्या टोकाशी केसाएवढी एक ओली रेघ तेवढी राहिली. पुसली, पाच मिनिटांनी पुन्हा आली. चीर प्यायलेले पाणी हळूहळू बाहेर देत होती. रंग खरवडून लाल भेदक रंगद्रव टाकला, पंधरा मिनिटांनी पुसून वर पांढरी भुकटी फवारली, तेव्हा त्या भुकटीतून साडेतीन सेंटिमीटर लांबीची लाल रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर आली. तीन हंगाम मी त्या फ्रेमवरून उड्या मारल्या होत्या. त्या दिवसापासून मूळ रंगाची, ओरखडे पडलेली, कुरूप फ्रेम मी आनंदाने घेतो, आणि नव्या रंगाची फुकट मिळाली तरी घेत नाही.

ज्यांना जुन्या फ्रेमचाच कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी एक आठवण. हा खेळ मुळात जुन्या फ्रेमवरच जन्मला: कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या 'रिपॅक' उतरणीवर १९७६ च्या ऑक्टोबरात पहिली शर्यत लागली, तेव्हा बहुतेकांखाली तिसाव्या-चाळिसाव्या दशकांतल्या, जाड टायरांच्या, भंगारातून आणलेल्या श्विन सायकली होत्या. ब्रेकच्या उष्णतेने मागच्या चाकातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरूनच उतरणीला ते नाव पडले. त्या फ्रेम वाकत आणि मोडत गेल्या, म्हणून जो ब्रीझ याने १९७७ मध्ये क्रोमोली पोलादाची नवी फ्रेम स्वतः घडवली.

तेव्हा बाईंना माझे उत्तर असे. गॅरेजमधली घ्यावी, दोन अटींवर. पहिली, शॉकची रबरी सीले दहा वर्षांत कडक झाली असणार, त्याच्या पूर्ण दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. दुसरी, त्या मॉडेलचा डिरेलर-हँगर आणि सांध्यांचे बोल्ट आजही मिळतात याची खातरजमा आधी करावी, कारण फ्रेम २६ इंची चाकांच्या जमान्यातली आहे आणि मागचा हब १५० मिलिमीटरचा आहे. त्यांनी पाठवलेली सहा छायाचित्रे मी भिंगाखाली पाहिली. रंग मूळचा आहे, डाउनट्यूबच्या पोटावरचे व्रण थोडे आहेत, केबलची घासही मालकाच्या सांगण्याशी जुळते. फक्त सीटट्यूब आणि टॉपट्यूबच्या जोडाखाली एक करडी रेघ दिसते. ती मळाची आहे की धातूची, हे छायाचित्रावरून ठरवता येत नाही. ती जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसून, बॅटरीचा उजेड तिरपा टाकून, नख आडवे फिरवून पाहावे आणि जवळून नवे छायाचित्र काढून पाठवावे, असे मी त्यांना कळवले आहे. ते आले की पुढच्या आठवड्यात त्याची हकीकत देऊन बेअरिंगच्या घरांकडे वळू.