दुपट्यातून पिशवीत

मुखेडच्या परिसरात, बालाघाटच्या डोंगररांगांत, हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गार असतात. घरात तान्हे बाळ असले की आजी त्याचे हातपाय सरळ करून त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळते. बाळ शांत झोपते. असे का होते? आणि हे गुंडाळणे केव्हा थांबवायचे? आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली घरी धाकटी भावंडे सांभाळतात. म्हणून हा विषय वर्गातही यावा असे आम्हाला वाटते.

नवजात बाळ जरा आवाज झाला की दचकते. हात एकदम फाकतात, मग छातीशी येतात. एर्न्स्ट मोरो या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. गुंडाळलेल्या बाळाचे हात उडत नाहीत, त्यामुळे झोप मोडत नाही. ४ ते ६ महिन्यांत ही क्रिया आपोआप नाहीशी होते.

दुसरे कारण उबेचे. ३ किलोच्या बाळाला दर किलो वजनामागे मोठ्या माणसाच्या सुमारे अडीच पट त्वचा असते. त्यामुळे त्याची उष्णता लवकर निघून जाते. वर्गात एका वाटीत आणि एका पातेल्यात सारखेच कोमट पाणी भरून ठेवा, दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. वाटीतले पाणी आधी निवेल. पण कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. त्यात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. म्हणजेच कापड आवळल्याने ऊब वाढत नाही.

आवळण्याचे तोटे मात्र दोन आहेत. पहिला खुब्याचा. पाय सरळ बांधले की मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसत नाही. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ बांधू नयेत अशी मोहीम सुरू झाली, आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण झपाट्याने घटले. दुसरा धोका जिवाचा. गुंडाळलेले बाळ पालथे पडले, तर हात बांधलेले असल्याने त्याला तोंड वर करता येत नाही आणि ते गुदमरू शकते. सुटलेले दुपटे नाकातोंडावर आले तरी हाच धोका.

यावर उपाय म्हणजे झोपायची पिशवी. हात बाहेर, पाय आत मोकळे, आणि अंगावरून न सरकणारी. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. कमी वजनाच्या बाळांना उबेत ठेवणे हा त्यातला महत्त्वाचा भाग होता, आणि त्यासाठी अशी पिशवीही वापरली गेली. अर्थात ऊब हा त्या प्रयोगातल्या अनेक उपायांपैकी एक.

बदल करायचा केव्हा? वय मोजत बसू नये, बाळाकडे पाहावे. ते कुशीवर वळायची धडपड करू लागले की दुपट्याचे काम संपले. काही बाळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हे करतात. तेव्हा त्याच दिवशी दोन्ही हात मोकळे करावेत. बाळ अजून वळत नसेल, तर सवकाश जाता येते: काही रात्री एक हात बाहेर, मग दोन्ही, आणि मग पिशवी. दोन-चार रात्री बाळ दचकून जागे होईल. त्याच्या छातीवर हात ठेवून थोपटावे.

पिशवी जुन्या मऊ सुती लुगड्याची गावातल्या शिंप्याकडूनही शिवून घेता येईल. गळ्यातून डोके आत घसरणार नाही इतकाच गळा ठेवावा, खालचा भाग पाय दुमडता येतील इतका रुंद असावा, नाड्या-बंद लावू नयेत. उन्हाळ्यात एकच पातळ थर, किंवा नुसते झबले पुरे. बाळाच्या मानेमागे हात लावून पाहावा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. पिशवीवर पुन्हा वाकळ घालू नये, आणि बाळाला सपाट अंथरुणावर पाठीवरच निजवावे. बाळ कमी वजनाचे असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे.

बाळ पालथे पडू लागले की घरात कौतुक होते. पण त्याआधीच, ते वळायची धडपड करू लागताच, दुपटे घडी करून ठेवायचे, एवढे मुलींनी घरी जाऊन आजीला सांगितले तरी पुष्कळ झाले.