उपाशी पेशीची चूल

घरात कोणाला कर्करोग झाला, की औषधांबरोबर सल्ल्यांचीही रीघ लागते. मेढ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात निघालेल्या रुग्णालाही शेजारीपाजारी मायेने बजावतात, ‘साखर तोडा, भात तोडा, उपास करा. गाठ उपाशी मरेल.’ पण कर्करोगाची पेशी इतक्या सहज मरते का?

याचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून मिळाले. १९८८ मध्ये जपानमधील योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या. त्यांनी मुद्दाम पचनाची क्षमता बिघडलेल्या पेशी निवडल्या होत्या. काही तासांतच पेशीतली पचनाची पिशवी बारीक पुड्यांनी भरून गेलेली दिसली. पेशी स्वतःचेच भाग त्या पुड्यांत बांधून पचवायला नेत होती! या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण म्हणतात. तिच्यावरील संशोधनाबद्दल ओसुमींना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आषाढात जावळी खोऱ्यात झड लागली आणि सुके सरपण संपले, तर माणूस घरातली मोडकी फळी चुलीत घालील, पण चूल विझू देणार नाही. पेशीचेही तसेच आहे. निरोगी पेशीला ही युक्ती उपयोगी पडते आणि कर्करोगाच्या पेशीलाही. गाठ वाढते, पण आतपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. त्यामुळे तिथल्या पेशींना उपासमार सवयीचीच असते.

हे पाहायचे, तर पेशी शरीराबाहेर काचेच्या बशीत वाढवता यायला हव्यात. आपल्याकडे हे काम पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी रुजवले. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज संशोधक अशा पेशींतील एका प्रथिनाला जेलीफिशपासून मिळालेले हिरवे चमकणारे प्रथिन जोडतात. पोट भरलेल्या पेशीत ही हिरवी झाक सर्वत्र पसरलेली असते. अन्न काढून घेतले, की तिचे ठिपके होतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बांधली गेलेली एक पुडी. ही क्रिया रोखण्यासाठी मलेरियावरील क्लोरोक्विनच्या जातीची औषधेही रुग्णांवर अभ्यासली गेली आहेत.

आता पुन्हा आपल्या रुग्णाकडे येऊ. माणूस जेवला नाही, तरी त्याच्या रक्तातली साखर संपत नाही. यकृत आपला साठा वापरते आणि मग स्नायूंतील प्रथिने मोडून साखर तयार करते. ती गाठीलाही मिळते. म्हणजे पेशीची चूल पेटतीच राहते आणि सरपण जाते रुग्णाच्या अंगचे. आधीच या आजारात वजन उतरते, आणि अशक्त रुग्णाला केमोथेरपी सोसवत नाही.

मधुमेह असेल तर साखरेचे पथ्य पाळावेच लागते. उपास आणि कर्करोग यांवर संशोधनही चालू आहे. पण डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारल्यावाचून घरच्या घरी ताट आखडू नये. रुग्णाला रुचेल, पचेल असे दोन घास थोड्या थोड्या वेळाने द्यावेत. वरणभात, अंडे, दूध, जे जाईल ते. हाही उपचाराचाच भाग आहे.