लेथवरच्या लहान जखमा

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पुतण्याच्या लाकडी नंदीसाठी चाके कातत होतो. धंतोलीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक छोटा लेथ आहे. चौथे चाक काचकागदाने घासताना बोट लाकूड आणि टेकण (हत्यार टेकवायची लोखंडी पट्टी) यांच्या फटीत ओढले गेले. पेरावरची कातडी सोलली, आणि सागाचे एक कुसळ अंगठ्यात शिरले. पेर आठ दिवसांत बरे झाले. कुसळाने मात्र तीन आठवडे छळले.

लाटणे, भोवरा, पाळण्याचे पाय करणारे कातारी हे काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. हौशी माणसाला मात्र त्यातले धोके आधी समजून घ्यावे लागतात.

वेग किती?

२० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १५०० फेऱ्या घेत आहे असे समजू. त्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, आणि सेकंदाला फेऱ्या २५. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १६ मीटर, तासाला ५६ किलोमीटर! कडेचा ५० ग्रॅमचा तुकडा निखळला तर त्याची ऊर्जा सुमारे ६ ज्यूल भरते. अर्धा किलोचे वजन सव्वा मीटरवरून पडावे तेवढी. फेऱ्या दुप्पट केल्या की ही ऊर्जा चौपट होते. म्हणून मोठे किंवा ओबडधोबड लाकूड नेहमी कमी वेगावर सुरू करावे.

निखळलेला तुकडा स्पर्शरेषेत, फिरण्याच्या प्रतलातच उडतो. बटण दाबताना त्या रेषेत उभे राहू नये. त्याआधी लाकूड हाताने एकदा फिरवून ते कुठे अडत नाही ना, हे पाहावे. चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल वापरावी. साधा चष्मा पुरत नाही.

तरफेचा हिशेब

पटाशी ही एक तरफ आहे आणि टेकण हा तिचा टेकू. लाकूड टोकावर २०० न्यूटन बलाने आदळले, टेकणापुढे टोक ५ सेंटिमीटर आले असेल आणि हात मागे २५ सेंटिमीटरवर असेल, तर हाताला ४० न्यूटन बल सोसावे लागते. फट ५ मिलिमीटर ठेवली तर फक्त ४ न्यूटन! म्हणून फट कमी ठेवावी, पटाशी आधी टेकणावर टेकवावी, मगच लाकडाला लावावी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. धारदार पटाशी त्या मानाने सुरक्षित असते.

घासताना मात्र टेकण काढूनच ठेवावे. मी नेमके तेच विसरलो होतो. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी यांना लेथजवळ जागा नाही. पॉलिशचे फडके बोटाला गुंडाळू नये.

कुसळ आणि भुसा

कुसळ शिरले तर जखम साबणाने धुवावी आणि स्वच्छ चिमट्याने ते ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने मागे ओढावे. जखम पाण्यात भिजवत ठेवू नये. लाकूड फुगते आणि तुटते. धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, तरी मी आळस केला. शेवटी एक्स-रे काढला तर त्यात काहीच दिसले नाही. लाकूड क्ष-किरणांना फारसे अडवत नाही. सोनोग्राफीत मात्र तुकडा सापडला. धनुर्वाताचे जंतू हवा न पोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत वाढतात. तेव्हा लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर अशा जखमेनंतर डॉक्टरांना विचारावे.

बारीक भुसा ही न दिसणारी इजा. साग आणि शिसवीतील काही रसायनांमुळे काहींच्या कातडीवर खाज आणि पुरळ उठते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. तो पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या कर्करोगाबद्दलचा आहे. हौशी माणसाने घाबरू नये, पण चांगला मास्क लावावा.

वर्गात करून पाहा

सायकल उलटी ठेवून मागचे चाक ओले करा आणि पायडल फिरवा. थेंबांची ओळ जमिनीवर आणि भिंतीवर कुठे उमटते ते मुलांना खडूने आखू द्या. मग विचारा: ‘हा लेथ असता, तर तुम्ही कुठे उभे राहिला असता?’